घाटनांदूरचा विलायती बाजा आणि मी घालवलेला गंधार

"बीड जिल्ह्यात एक पियानो आहे. येता का बघायला?" असं मी फोनवर विचारलं, माझ्या नणंदबाईंना, शुभाताईंना. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्या गाडी काढायला एका पायावर तयार असतात आणि मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे आमची जोडी छान जमते. पण बीड आणि पियानो हे दोन शब्द एका वाक्यात त्यांनी जन्मात ऐकले नव्हते. शेवटी म्हणाल्या, "सीताफळांचे दिवस आहेत ना? मग चल. पियानो निघाला नाही तरी फेरी फुकट जायची नाही."

मी पुण्यात पियानो सुरात लावून देते. पंचवीस वर्षं झाली या कामाला. शहरातले बरेचसे पियानो मला त्यांच्या मालकांपेक्षा जास्त ओळखतात, असं मी चारचौघांत म्हणते आणि लोक हसतात. तर मला फोन आला होता घाटनांदूरहून, विजयाचा. ती माध्यमिक शाळेत गणित शिकवते. एका सहशिक्षिकेच्या बहिणीकडून तिनं माझा नंबर मिळवला होता. वय चाळिशीचं, बोलणं थेट मुद्द्याचं.

"मॅडम, माझ्या वडिलांकडं एक विलायती बाजा आहे. मोठा, उभा. कोजागिरीनंतर आमचं जुनं पत्र्याचं घर पाडणार आहोत, शेजारच्या जागेत नवीन चाललंय. सुतार म्हणतो, लाकूड एक नंबर सागवान आहे, दोन दारं आणि एक कपाट निघेल. हे ऐकल्यापासून अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही एकदा येऊन बघा आणि खरं काय ते सांगा. ठेवण्यासारखा असेल तर ठेवू. नसेल तर तसं अण्णांना तुम्हीच सांगा, माझं ते ऐकणार नाहीत."

नव्या घराची पुढची खोली दहा बाय बारा आहे आणि बाजा ठेवला तर सोफा येत नाही, हेही तिनं सांगून टाकलं. मग फोटो आला. काळपट लाकूड, वर फुलदाण्या, एका कोपऱ्यात शाळेची दप्तरं, आणि पुढच्या फळीवर दोन्ही बाजूंना मेणबत्त्या लावायचे पितळी हात. ते हात बघून मी किंचाळले आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला लंडनचा पियानो, बीड जिल्ह्यात, दप्तरांच्या खाली!

पहिला दिवस: पुणे ते अंबाजोगाई

सकाळी सहाला निघालो. नगर, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई असा रस्ता धरला. रस्ता बहुतेक ठिकाणी उत्तम आहे, पण गावं आली की गतिरोधक अचानक उगवतात, तेव्हा गप्पांच्या नादात राहू नका. पाटोद्याच्या पुढं दोन्ही बाजूंना ज्वारीची नुकती उगवलेली रोपं आणि बालाघाटाचे बुटके डोंगर. सीताफळवाल्या बाया पाट्या मांडून रस्त्याकडेला बसल्या होत्या. शुभाताईंनी तीनदा गाडी थांबवली. तिसऱ्यांदा मी काहीच बोलले नाही, कारण तोवर माझ्याही तोंडात बिया होत्या.

संपूर्ण प्रवासात मी पियानोवरच बोलत होते. त्या काळात लंडनमध्ये पियानोचे कारखाने गल्लोगल्ली होते. इंग्रज मध्यमवर्गीय घरात दिवाणखान्यात पियानो नसला तर मुलीचं लग्न अडायचं म्हणे. त्यांची कारागिरी अशी, की एकेका पियानोच्या लाकडाला वर्षानुवर्षं वाळवत ठेवायचे. आपल्याकडे पाठवायचे ते तर आणखी वेगळे. विलायतेतला नाजूक पियानो इथल्या उन्हाळ्यात तडकायचा, पावसाळ्यात त्याचा सरस सुटायचा. म्हणून उष्ण देशांसाठी खास भरीव लाकडाचे, सरसाच्या जोडीला जागोजाग पितळी स्क्रू मारलेले पियानो बनवत.

"म्हणजे आपल्याकडे सुनेला पाठवताना बांगड्या घट्ट बसवतात तसं," शुभाताई म्हणाल्या. या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मांजरसुंब्याच्या चौकात एका ढाब्यावर जेवलो. शेवभाजी, ज्वारीची भाकरी, हिरवा ठेचा, वर रबडी. दोघींचं मिळून साडेतीनशे झाले आणि पुढचे दोन तास आम्ही कुणाशी भांडायच्या मनःस्थितीत नव्हतो. ढाबेवाले काका भाकरी वाढताना म्हणाले, "कुटं निघालाव म्हनायचं?"

"घाटनांदूरला. एक जुना पियानो बघायचाय."

काकांनी विचार केला. "डिझेलवर हाय का पेट्रोलवर?"

मी ठसक्यानं कासावीस झाले. शुभाताई मात्र अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, "तेच बघायचंय."

"जुना घेताव तर इंजन खोलून बगा बरं. वरून रंग मारून देतेत लोक."

हा सल्ला किती नेमका होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. अंबाजोगाईला चारला पोचलो. बस स्टँडजवळच्या लॉजवर नऊशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली, गरम पाणी सकाळी सात ते आठ एवढंच. आंघोळीला रांग लावायची तयारी ठेवा.

दुसरा दिवस: इंजिन खोलून बघितलं

अंबाजोगाईला एकेकाळी फौजेची छावणी होती. आम्ही शोधत असलेला बाजा त्याच छावणीतल्या एका साहेबी बंगल्यातून निघाला होता. हे आम्हाला कळलं घाटनांदूरला, विजयाच्या वडिलांकडून. अंबाजोगाईहून घाटनांदूर अर्ध्या तासावर आहे. घर रेल्वे स्टेशनच्या मागच्या बाजूला, बुद्ध विहाराच्या अगदी समोर. दारात पांढरा सदरा घातलेले, सडसडीत, शहात्तर वर्षांचे अण्णा उभे होते. पंचक्रोशीत गाणारे म्हणून त्यांचं नाव. जयंती असो, लग्न असो, बुद्ध पौर्णिमा असो, अण्णांच्या गाण्याशिवाय मांडव हलत नाही.

"जयभीम," ते म्हणाले. "तुमीच का त्या लाकूड मोजनाऱ्या बाई?"

मी म्हटलं, "लाकूड नाही, सूर मोजते."

"मग या. च्या घ्या आदी." त्यांनी लेकीकडं बघितलंसुद्धा नाही. विजयानं चहा ठेवला आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघाली. जाताना माझ्याकडं एकदा रोखून बघून गेली. या घरातला अबोला माझ्या एका वाक्यावर टांगलेला होता.

चहा पिता पिता अण्णांनी गोष्ट सांगितली. त्यांचे वडील त्या बंगल्यावर माळी होते. बंगला विकला गेला, नव्या मालकानं सामान काढलं, बाजा काही कुणी उचलेना. जळणाला न्या म्हणाले. "आमचं धर्मांतर झालं ना, त्याच साली. मी सात वर्साचा असंन. बापानं घरातले देव काढलते, देवळी रिकामी, कोपरा रिकामा. आई म्हनली, घर कसं भकास दिसाया लागलं. तर बाप बैलगाडीत बाजा घालून आनला आन् त्या कोपऱ्यात ठिवला. म्हनला, आता हितं गानं व्हईल."

मी दप्तरं, फुलदाण्या उतरवल्या आणि वरची फळी उघडली. पुढचा अर्धा तास मी माणसात नव्हते. आत सगळं होतं. भरीव सागवान, प्रत्येक सांध्याला पितळी पट्टी, वाजवायच्या पट्ट्यांवर हस्तिदंत, आणि ते हस्तिदंत दोन तुकड्यांत इतकं बारीक जोडलेलं की नखाला जोड लागेना. लोखंडी चौकटीवर ओतीव वेलबुट्टी. तारांमागची, आवाज घुमवणारी पातळ फळी एवढ्या उन्हाळ्यांत कुठेही तडकलेली नव्हती. हातोड्यांच्या वर तारांचा पिंजरा, सूर थांबवायचा. ही जुनी इंग्रजी पद्धत, तिला आमच्या धंद्यात नावं ठेवतात, पण इतकं सुबक काम बघून मी मनातल्या मनात माफी मागितली. शुभाताईंना मी हाताला धरून एकेक स्क्रू दाखवला. पन्नास वेळा "बघा, बघा" म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "रेवती, मी बघितलं. आता तू पाणी पी."

पियानोवाल्यांची एक जुनी रीत आहे. पियानो बनवणारा किंवा दुरुस्त करणारा पहिल्या पट्टीच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलीनं नाव लिहितो. मी डावीकडची पहिली पट्टी काढली. पुसट इंग्रजी अक्षरात एका कारागिराचं नाव होतं. त्याखाली उर्दूत दोन ओळी. मला उर्दू येत नाही. कुणा दुकानदाराची खूण असेल, असं समजून मी पट्टी परत बसवली.

मग खटकणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या. हातोड्यांवरची मूळची पांढरी, घट्ट लोकर कसरीनं खाल्लेली असणार, कारण त्या जागी काळ्या-करड्या लोकरीचे तुकडे चिकटवले होते. आणि मी वाजवून बघितलं. पियानो तपासायला आम्ही सगळे जिथून सुरू करतो तिथून, पांढरी एकपासून, म्हणजे मधल्या सप्तकाच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीपासून. देवा! एकेक सूर दुसऱ्याच्या अंगावर धावून जात होता. मी अण्णांकडं बघितलं. ते शांतपणे विडा जमवत होते.

"कधी लावून घेतलाय का हा?"

"वर्साला लावून घेतो की. परवाच लावलाय."

परवा? मला त्यांची फार दया आली. कुणीतरी या माणसाला वर्षानुवर्षं फसवतंय, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, संपल्याचा कार्यक्रम होता, अण्णांचं गाणं होतं. जेवण उरकून ते तयारीला विहारात गेले, आणि मी ठरवलं, आपण यांना चकित करायचं. एका दुपारीत बाजा असा लावून ठेवायचा की लेकही म्हणेल, हा ठेवायचाच. अवजारांची पिशवी उघडली, बाह्या सारल्या, आणि तीन तास घाम गाळला. तारा ताणणाऱ्या खुंट्या जुन्या, चपट्या डोक्याच्या. माझी चावी त्यावर नीट बसेना, सारखी घसरायची. तरी मधली दोन सप्तकं मी चोख लावली. शुभाताई सीताफळ खात पहारा देत होत्या. एवढी खूश मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

पाचला अण्णा आले, विजयाही आली. मी उठून जागा दिली. अण्णा बसले. उजवा हात पट्ट्यांवर, आणि डावा हात मांडीवर मागंपुढं हलत होता. ते पेटीवर गायला शिकलेले. पेटीला डाव्या हातानं भाता मारायचा, ती सवय साठ वर्षांत गेली नाही. काय गोड दिसत होतं ते. त्यांनी काळ्या दोन नंबरावर सा धरला, गळा लावला, दोन ओळी गायले आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबले.

"बाई," ते हळू म्हणाले, "माझा गंधार कुटं गेला?"

"म्हणजे?"

"चढलाय. बोचाया लागला. केजच्या हनीफ पेटीवाल्यानं लावलेला गंधार कसा मांडीवर बसल्यागत बसायचा." त्यांनी मला पट्टी दाबून दाखवली. "तुमी कावून हात लावला?"

आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. विजयानं कपाळाला हात लावला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा बाजा बेसूर नव्हताच. तो एका माणसाच्या गळ्याला लावलेला होता. अण्णांचा सा काळी दोन, तिथून पुढचे सगळे सूर शुद्ध, जसे पेटीवाला गाणाऱ्यासाठी लावतो तसे. मी तो पांढरी एकपासून वाजवून बघितला आणि नावं ठेवली. दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून चप्पल चुकीची म्हणण्यातला प्रकार.

विजयानं कारण विचारलं. मी सांगितलं की पियानोत सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे करतात, म्हणजे कुठूनही गाता येतं.

"दोनाचं बारावं मूळ," ती लगेच म्हणाली. गणिताची बाई. "म्हणजे प्रत्येक सूर थोडा थोडा खोटा करायचा, आणि सगळ्यांवर अन्याय सारखा."

"सगळ्याला सारकं अंतर?" अण्णांनी विचारलं. "म्हंजे समता की. पर समता तर आपला शबुद हाय, विजे. सगळेच जरा जरा बेसूर, ही कसली समता?"

इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा लेकीशी बोलले. ती हसली, मग तेही हसले. मी मात्र हसू शकले नाही, कारण कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता आणि गंधार मी घालवला होता.

तिसरा दिवस: केज आणि परत

सकाळी आम्ही अण्णांचा बाजा दरवर्षी लावणाऱ्या हनीफचाचांना आणायला केजला गेलो. ते जीपनं आले असते, पण मला वेळ दवडायचा नव्हता. बस स्टँडमागच्या बाजारात त्यांचं दुकान आहे, दोन माणसं आडवी झाली की भरतं एवढं. वय ऐंशी, चष्म्याला दोरी, समोर चार पेट्या पोट फाडून ठेवलेल्या. मी माझा गुन्हा कबूल केला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई, साज कोनाचा?"

"अण्णांचा."

"गानाऱ्याचा ना? मग त्याच्या गळ्याला लावायचा. तुमी साजाच्या गळ्याला गानारा लावाया निघालात." मग मला एवढं कसनुसं झालेलं बघून म्हणाले, "होतंय. मी पन पयल्यांदा बिघडवला होता."

भिंतीवर काळ्या-करड्या लोकरीचं जाड अंथरूण टांगलेलं होतं. तेच, हातोड्यांवरचं. मी विचारलं, तर ते बुरणूस निघालं. हनीफचाचांचं घराणं पिंजाऱ्यांचं. धनगरांच्या मेंढरांची लोकर पिंजून, पाणी मारून, तुडवून तुडवून घट्ट थर बनवायचा, विणायचं नाहीच. पियानोच्या हातोडीवरची विलायती लोकर अशीच बनते, यंत्रावर. मी ते हातात घेऊन दाबलं, कानाशी धरून बोटानं वाजवलंसुद्धा. बाजारातले लोक बघत होते. शुभाताई दोन पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या, ओळख नसल्यासारख्या.

परतीच्या वाटेवर चाचांनी आणि शुभाताईंनी सीताफळ कुठल्या गावचं चांगलं यावरून असा वाद घातला की घाटनांदूर कधी आलं कळलं नाही. चाचांनी पिशवीतून चावी काढली. ट्रॅक्टरच्या पान्याला कानस मारून बनवलेली. चपट्या खुंट्यांवर ती अशी बसली की जशी तिथंच जन्मली. माझी परदेशी चावी मी गुपचूप पिशवीत ढकलली.

त्यांच्या हाताला आता कंप आहे, एकट्यानं लावायचं तर दोन दिवस लागतात. म्हणून त्यांनी मला बसवलं, स्वतः शेजारी खुर्चीवर, डोळे मिटून. "अण्णा, सा धरा." अण्णा सा धरायचे, चाचा बोट उचलायचे, मी खुंटी फिरवायची. "उतार... उतार... बास, जरा जादा झालं... हां." एकेक सूर अण्णांच्या गळ्यातून काढून तारेत भरत होतो आम्ही. पंचवीस वर्षं मी, दोन सूर एकत्र वाजले की तारांमध्ये ऐकू येते ती थरथर मोजून सूर लावत आले, ठरलेल्या वेगानं थरथरली पाहिजे असं. चाचांचं मात्र तारांमधली थरथर शून्यावर गेली की मगच बोट खाली. गंधार लागला तेव्हा खोलीत काहीतरी निवल्यासारखं झालं. मी भर दुपारी, चांगली पन्नास वर्षांची बाई, टाळ्या पिटत खोलीभर नाचले. अण्णा म्हणाले, "बाईला पानी द्या."

मी ती पहिली पट्टी काढून उर्दू ओळी चाचांना दाखवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन वाचलं. वरची ओळ त्यांच्या अब्बांची होती, बाजा बैलगाडीतून आला तेव्हा त्यांनी दुरुस्त केला होता. खालची त्यांची स्वतःची. "अब्बानं त्या गोऱ्याचं नाव बघितलं अन् म्हनले, मिस्त्री हितं नाव लिवतोय वाटतं. मग आपन बी लिवू." पेन्सिल माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं, काल तर मीच घोळ घातला होता. "घोळ घातला म्हनूनच लिवा," ते म्हणाले. "पुढच्याला कळंल." मी नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

सहाला कार्यक्रम. बाजा हलवायची सोय नाही, म्हणून दरवर्षीची पद्धत अशी: अण्णा घरातच बाजापाशी बसतात, माईकची वायर खिडकीतून गल्ली ओलांडून विहारात जाते, लोक विहाराच्या अंगणात बसतात आणि खिडकीकडं बघतात. खीर होती. लहान मुलं, सुना, शेतातून आलेले गडी, नोकरीवरून थेट आलेले शर्ट-पँटवाले, सगळे. मेंढरं हाकून चाललेले शेजारचे धनगरबाबा कुंपणाशी थांबले, मेंढरंही थांबली. अण्णांनी स्वतः रचलेली तीन गाणी म्हटली. बुरणुसाच्या हातोड्यांचा आवाज विलायती पियानोसारखा चकचकीत नसतो, थोडा खरबरीत, उबदार असतो. तो आणि अण्णांचा थकलेला गळा कुठं वेगळे होतात ते कळत नव्हतं. डावा हात मांडीवर भाता मारत होता. मी अंगणात बसून इतकी हसत होते की शेजारच्या बाईंनी विचारलं, "का वो, कोन लागता त्यांच्या?"

लोक गेल्यावर विजया माझ्यापाशी आली. "मॅडम, आता सांगा. ओरिजिनल आहे का?"

अण्णा पाच फुटांवर होते. मी खरं सांगायचं कबूल केलं होतं. "नाही," मी म्हणाले. "लाकूड, चौकट, हस्तिदंत लंडनचं, पहिल्या प्रतीचं. लोकर केजची. सूर तुझ्या वडिलांचे. जुन्या पियानोंच्या शौकिनाला बोलावलंस तर तो म्हणेल, खराब करून ठेवलाय. दुसऱ्या कुठल्याही घरात हा बाजा बेसूरच वाटेल. फक्त या घरात तो सुरात आहे."

तिनं ऐकलं, "बघते," एवढंच म्हणाली आणि खिरीची पातेली घासायला घेतली. अण्णा माईकची वायर गुंडाळू लागले. मला रात्रभर झोप लागली नाही. मी सांगितलं ते खरं होतं, पण त्यातून ती काय ऐकेल कोण जाणे.

घरी

पुण्याला परतताना आम्ही फक्त दोनदा थांबलो, यावरून शुभाताईंचीही मनःस्थिती ओळखा. ज्यांना हा भाग फिरायचा आहे त्यांनी आश्विन-कार्तिकात जावं, अंबाजोगाईला मुक्काम करावा, मांजरसुंब्याला जेवल्याशिवाय पुढं जाऊ नये. पियानो बघायला मात्र कुणाच्या घरी आगंतुक जाऊ नका, आणि गेलात तर मालकाला विचारल्याशिवाय खुंटीला हात लावू नका.

घरी आल्यावर माझ्या स्वतःच्या पियानोपाशी बसले. मीच लावलेला, चोख. सा आणि गंधार एकत्र दाबले आणि हात मागं घेतला. थरथर. पंचवीस वर्षं ही थरथर रोज ऐकत होते आणि ती ऐकू येत नव्हती. आता कामावर गेले की प्रत्येक घरात ती ऐकू येते. मी अजूनही लोकांचे पियानो बारा सारख्या तुकड्यांतच लावते, त्यांना तेच हवं असतं. फक्त लावताना मनात एक प्रश्न येतो, जो पूर्वी कधी आला नव्हता: या घरात गातं कोण?

तीन आठवडे घाटनांदूरहून काहीच कळलं नाही. फोन करायचा धीर मला झाला नाही. मग एका दुपारी विजयाचा फोटो आला. नवं घर, ओल्या सिमेंटची पुढची खोली, प्लास्टिकनं झाकलेला बाजा, आणि दाराची चौकट बसवणारा सुतार. खाली तिनं लिहिलं होतं:

"बाजा दारातून आत जात नव्हता, तीन इंच जास्त भरला. म्हणून पुढची भिंत थांबवून आधी बाजा आत घेतला, मग भिंत बांधली. आता विकायचा म्हटलं तरी घर पाडावं लागेल. अण्णा विचारतात, सोफा नाही, तुम्ही खाली बसाल का?"

मी लगेच लिहिलं, बसेन.